विश्लेषण : कर्करोगाच्या गाठीपर्यंत किरणोत्सार नेणारी प्रतिपिंडे मागे का पडली?

किरणोपचार बहुतेकदा शरीराबाहेरच्या यंत्रातून दिले जातात. रोग एकाच गाठीत असेल तर ते सोयीचे. लिम्फोमा मात्र अनेकदा मान, काख, पोट ते अस्थिमज्जा असा पसरलेला असतो. मग झोत रोखायचा कुठे? त्यावर किरणोत्सारी अणू रक्तातूनच पाठवण्याचा मार्ग निघाला. तो परिणामकारकही ठरला, तरीही त्यातील एक औषध २०१४ मध्ये बाजारातून गेले.

उपचार होतो कसा?

प्रतिपिंड म्हणजे नेमके लक्ष्य ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची पद्धत कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधली. अशा प्रतिपिंडाला किरणोत्सारी अणू जोडला जातो. लिम्फोमातील बी-पेशींवर सीडी-२० नावाचे प्रथिन असते. प्रतिपिंड तेथे चिकटते आणि अणू बीटा कण सोडतो. यिट्रियम-९० या अणूचे कण ऊतींमध्ये काही मिलिमीटर, फार तर ११ मिलिमीटरपर्यंत जातात. त्यामुळे ज्या पेशीला प्रतिपिंड चिकटलेच नाही, अशी शेजारची कर्कपेशीही मरते. तोटाही यातच आहे. अस्थिमज्जेला झळ बसते आणि काही आठवडे प्लेटलेट व पांढऱ्या पेशी घटतात. निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्या मूळ पेशींवर सीडी-२० नसल्याने त्या पुन्हा तयार होतात.

मग अडले कुठे?

अमेरिकेत २००२ मध्ये झेव्हॅलिनला आणि २००३ मध्ये आयोडीन-१३१ वापरणाऱ्या बेक्झारला मान्यता मिळाली. झेव्हॅलिनची तुलना नुसत्या रिटक्सिमॅब या प्रतिपिंडाशी १४३ रुग्णांवर झाली. झेव्हॅलिन घेतलेल्यांपैकी ८० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, रिटक्सिमॅब गटात ५६ टक्के. रोग पुन्हा बळावण्याच्या काळात मात्र ठळक फरक दिसला नाही.

खरी अडचण दवाखान्याच्या व्यवहारात होती. रिटक्सिमॅब कर्करोगतज्ज्ञ स्वतःच्याच दवाखान्यात देऊ शकत आणि त्याचे उत्पन्नही तेथेच राही. किरणोत्सारी औषधासाठी परवाना लागतो, त्यामुळे रुग्ण न्यूक्लिअर मेडिसिन विभागाकडे पाठवावा लागे. यिट्रियम-९० दर ६४ तासांनी निम्मे होते, म्हणजे ते आणून ठेवण्याचीही सोय नाही. एवढा खटाटोप कोण करणार? दरम्यान लिम्फोमावर नवी औषधेही येत गेली. मागणी आटल्यावर कंपनीने बेक्झार बंद केले. ज्यांना त्याचा लाभ झाला असता, त्या रुग्णांपर्यंत हा पर्याय बहुधा पोहोचलाच नाही.

पुढे काय?

घट्ट गाठींत आकाराने मोठे प्रतिपिंड नीट शिरत नाही आणि रक्तात दिवसचे दिवस फिरत राहते. म्हणून छोटे रेणू पुढे सरसावले. ल्युटेशियम-१७७ जोडलेल्या अशा औषधांना अमेरिकेत न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी २०१८ मध्ये, तर प्रोस्टेट कर्करोगासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ल्युटेशियम-१७७ ची निर्मिती तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत होते.

प्रतिपिंडांवरचे काम थांबलेले नाही. आता भर अल्फा कणांवर आहे. ॲक्टिनियम-२२५ चे अल्फा कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी अंतर जातात, त्यामुळे मोजक्याच पेशींवर जबर घाव बसतो. पण हा अणू वर्षानुवर्षे प्रामुख्याने जुन्या युरेनियम-२३३ च्या साठ्यातून निघणाऱ्या थोरियमपासून मिळवला गेला आणि तो साठा तुटपुंजा आहे.