रक्तात न सापडणारा विषाणू

जवळच्या एखाद्या लॅबमध्ये रक्त दिलं, की एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस-बी कळतो. हर्पिससाठी ताज्या फोडावरचा स्वॅब बरा. पण लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूंतला सर्वांत सर्रास आढळणारा एचपीव्ही रक्तात शोधून उपयोग नाही. तो गर्भाशयमुखाच्या पेशींत दडतो आणि वर्षानुवर्षं ताकास तूर लागू देत नाही. बहुतेकींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आपसूक घालवतं. 16 आणि 18 हे प्रकार चिकटून राहिले, तर मात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीती.

म्हणून ब्रशने गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्यांत विषाणूचा डीएनए शोधतात. या चाचणीचा कस लागला आपल्याच राज्यात. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. काहींची डीएनए चाचणी, काहींची पॅप स्मिअर, काहींची अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाची तपासणी केलीच नाही. त्यावरून पुढे वाद झाला, आणि माझ्या मते तो रास्त होता. आठ वर्षांनी पाहिलं, तर डीएनए चाचणीच्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे. तेही एकदाच केलेल्या चाचणीने!

अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे कर्करोग झाला असं नव्हे. पुढे कॉल्पोस्कोपी करून, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघतात. आणि घरात भांडण काढण्याआधी एक लक्षात घ्या: संसर्ग कितीतरी वर्षं जुना, लग्नाआधीचाही असू शकतो.