भाव फुटण्याआधीचा भाव : हातातल्या गेम कन्सोलच्या किमतीविषयीचे गैरसमज

हातात धरून खेळता येणाऱ्या गेमिंग कन्सोलची, म्हणजे पडदा, बटणे, बॅटरी आणि संगणकीय चिप एकाच आटोपशीर यंत्रात सामावलेल्या उपकरणाची, किंमत ते बाजारात येण्याआधीच वर्तवण्याचा छंद आता महानगरांपुरता राहिलेला नाही. आणि परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे कापूस आणि सोयाबीन यांच्यामुळे भावाचा अंदाज बांधणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, तिथल्या वाचकाला तो परका वाटण्याचेही कारण नाही. मात्र बाजार समितीच्या आवारात भाव ज्या रीतीने ‘फुटतो’, ती रीत आणि कन्सोलची किंमत ठरण्याची रीत यांत मुळातच अंतर आहे. कापसाचा भाव आवक, ओलावा, जिनिंगवाल्यांची मागणी आणि लिलावातील चढाओढ यांतून उघड्यावर घडतो, त्यामुळे जाणत्या माणसाला तो आधी हेरता येतो. कन्सोलची किंमत मात्र एकच विक्रेता बंद दाराआड ठरवतो आणि ती जाहीर होईपर्यंत बदलण्याचा अधिकार स्वतःकडे राखतो. या विषयातील बहुतेक गैरसमज हे अंतर न ओळखण्यातून जन्मतात.

सर्वांत रुळलेला गैरसमज असा की, अमेरिकेतील किमतीला त्या दिवशीच्या डॉलरच्या दराने गुणले की भारतातील किंमत मिळते. या गुणाकारात पहिलीच चूक कराची आहे. अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, कारण तो प्रत्येक राज्यात वेगळा असून बिल करताना वरून लावला जातो. भारतात मात्र वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच एमआरपी, सर्व करांसह असावी लागते. व्हिडिओ गेम कन्सोलवरील वस्तू व सेवा कर आरंभी २८ टक्के होता, तो डिसेंबर २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने १८ टक्क्यांवर आणला. त्यामुळे दोन देशांतील किमतींची तुलना करायची, तर आधी भारतीय किमतीला १.१८ ने भागून करपूर्व किंमत काढावी लागते, आणि मगच डॉलरचा विषय येतो.

हे कळलेला वाचक बहुधा दुसऱ्या टोकाला जातो आणि आयातीवरचे सगळे कर अमेरिकी किमतीवर चढवतो. त्याचे गणित वरवर बिनचूक दिसते. सीमाशुल्क म्हणजे परदेशी माल देशाच्या हद्दीत येताना द्यावा लागणारा कर. जकात कोष्टकातील ९५०४ या शीर्षकाखाली येणाऱ्या व्हिडिओ गेम कन्सोलवरील मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पाने १० टक्क्यांवरून २० टक्के केले. त्या शुल्काच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, आणि या सर्वांच्या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक जीएसटी. म्हणजे १०० रुपयांचा माल बंदरावर उतरला, तर २० रुपये शुल्क, २ रुपये अधिभार आणि १२२ रुपयांवर २१ रुपये ९६ पैसे जीएसटी मिळून तो १४३ रुपये ९६ पैशांना पडतो. यावरून ‘डॉलर गुणिले दर, वर ४४ टक्के’ असे सूत्र तयार होते, आणि प्रत्यक्ष किमतींसमोर ते टिकत नाही.

सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल अमेरिकेत १९९.९९ डॉलरला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो भारतात १८,९९० रुपयांना आला. वरील सूत्राने, डॉलर साडेपंच्याऐंशी रुपयांच्या घरात असताना, तो साडेचोवीस हजारांवर जायला हवा होता. प्रत्यक्षात १८,९९० मधून जीएसटी वजा केला तर करपूर्व किंमत सुमारे १६,०९३ रुपये उरते, आणि ती १८८ डॉलरच्या आसपास, म्हणजे अमेरिकी किमतीहूनही कमी भरते. आसूसचा आरओजी अ‍ॅलाय २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेत ६९९.९९ डॉलरला आणि जुलैमध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. त्याची करपूर्व किंमत तेव्हाच्या दराने सुमारे ७१९ डॉलर होते, म्हणजे दोन्ही देशांत जवळपास सारखीच. याउलट ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय अमेरिकेत ५९९.९९ डॉलर आणि भारतात पुन्हा ६९,९९० रुपये असा होता. रुपया एव्हाना डॉलरला ८८ ते ८९ पर्यंत घसरल्याने ही करपूर्व किंमत ६६९ डॉलरच्या आसपास, म्हणजे अकरा-बारा टक्के चढी ठरते. हातातला नव्हे, पण पोर्टलच्याच घराण्यातला प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, तेव्हा हीच तफावत सोळा टक्क्यांच्या आसपास होती. चार यंत्रे आणि चार निराळी गुणोत्तरे, तेव्हा एकच सूत्र सर्वांना लावण्याचा हट्ट सोडावा लागतो.

सूत्र का फसते, याची दोन कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की, सीमाशुल्क अमेरिकेतील दुकानातल्या किमतीवर लागतच नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४ नुसार ते व्यवहारमूल्यावर, म्हणजे आयातदाराने परदेशी विक्रेत्याला त्या मालासाठी प्रत्यक्ष दिलेल्या किंवा द्यावयाच्या मोबदल्यावर, आकारले जाते. अमेरिकी किमतीत तिथल्या दुकानदाराचा नफा, गोदाम आणि जाहिरात हे सारे असते, ते या मूल्यात नसते. म्हणून किरकोळ किमतीवर शुल्क चढवणारा माणूस ज्या खर्चावर शुल्क लागतच नाही त्यावरही ते आकारत असतो. दुसरे कारण वर्गीकरणाचे आहे. जकात कोष्टकात कन्सोल एका शीर्षकाखाली येतो आणि संगणक दुसऱ्या, ८४७१ या शीर्षकाखाली. संगणकावर १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. त्या कराराचा विस्तार २०१५ मध्ये झाला आणि त्यात गेम कन्सोलही आले, पण त्या विस्तारात भारत सहभागी नाही. विंडोजवर चालणारे हातातले यंत्र कन्सोल मानायचे की संगणक, हा प्रश्न खेळणाऱ्याला निरर्थक वाटेल. आयातदाराच्या दृष्टीने तो दर शंभर रुपयांमागे बावीस रुपयांचा आहे.

आयातशुल्काचा किमतीवरील परिणाम पाथरीच्या परिसरात समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि पुढे डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले, तेव्हा शुल्क हटले की परदेशी गाठी स्वस्त होतात आणि देशी मालाच्या भावावर दडपण येते, हे मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी स्वतःच्या हिशेबात अनुभवले. कन्सोलच्या बाबतीत मात्र हेच शुल्क ग्राहकापर्यंत पूर्ण पोहोचेलच असे नाही, कारण ते सोसायचे की ग्राहकाच्या माथी मारायचे, हे कंपनी ठरवते.

याच ठिकाणी तिसरा आणि कदाचित सर्वांत खोल गैरसमज भेटतो : सुट्या भागांचा खर्च कळला की किंमत कळली. पडदा इतक्याचा, चिप इतक्याची, बॅटरी इतक्याची अशी बेरीज करून त्यावर ठरावीक नफा चढवण्याची ही पद्धत भांड्यांच्या दुकानात चालेल. कन्सोलच्या धंद्यात नफा यंत्रातच असतो असे नाही. झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर स्वस्त आणि शाईची डबी महाग का असते, हे ज्याला माहीत आहे त्याला ही युक्ती लगेच कळेल. वाल्व्ह या कंपनीचा स्टीम डेक जुलै २०२१ मध्ये ३९९ डॉलर या आरंभीच्या किमतीला जाहीर झाला, आणि ही किंमत गाठणे कंपनीला त्रासदायक ठरल्याचे तिचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी तेव्हाच कबूल केले होते. पण स्टीम या दुकानातून विकल्या जाणाऱ्या गेमवर साधारण ३० टक्के वाटा त्याच कंपनीला मिळतो, त्यामुळे यंत्रावर सोसलेली झळ पुढे भरून निघू शकते. आसूसला त्या गेमच्या विक्रीतून असा वाटा नसल्याने तिला आपला नफा यंत्राच्या किमतीतच बसवावा लागतो, आणि ३९९ व ६९९.९९ डॉलर यांच्यातील दरीचा एक मोठा भाग, चिपमधील फरक मान्य करूनही, इथे आहे. तेव्हा अंदाज बांधणाऱ्याने यंत्रात काय आहे याच्या आधी विक्रेता पैसा कशावर कमावतो हे पाहावे. ही सवय कितीही हुशार बेरजेपेक्षा उपयोगी पडते.

किंमत जगभर एकच असते आणि केवळ चलन बदलते, ही समजूत निन्टेंडो स्विच २ ने सर्वांत स्पष्टपणे खोटी ठरवली. ५ जून २०२५ रोजी आलेल्या या यंत्राची किंमत अमेरिकेत ४४९.९९ डॉलर होती; जपानमध्ये मात्र त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या, केवळ जपानी भाषेत चालणारी ४९,९८० येनची आणि सर्व भाषांची ६९,९८० येनची. येन दुबळा असताना घरच्या गिऱ्हाइकाला परवडेल अशी किंमत ठेवायची, पण तोच स्वस्त माल परदेशी व्यापाऱ्यांनी उचलून नेऊ नये, यासाठी भाषेचेच कुंपण घातले गेले.

खात्रीलायक म्हणून फिरणाऱ्या ‘फुटलेल्या’ किमतींबद्दलही असाच भाबडेपणा आढळतो. स्विच २ चे पहिले दर्शन १६ जानेवारी २०२५ रोजी किमतीविना झाले आणि किंमत २ एप्रिलला जाहीर झाली. त्याच दिवशी अमेरिकेने नवे आयातकर घोषित केले, तेव्हा तिथली ९ एप्रिलपासूनची आगाऊ नोंदणी २४ एप्रिलवर ढकलावी लागली. यंत्राची किंमत कायम राहिली, पण जोडउपकरणांच्या किमती वाढल्या. एक्सबॉक्स अ‍ॅलाय जूनमध्ये दाखवला गेला आणि त्याची किंमत विक्रीच्या जेमतेम तीन आठवडे आधी, सप्टेंबरच्या अखेरीस बाहेर आली. जो आकडा खुद्द कंपनीनेच शेवटपर्यंत हातचा राखून ठेवला, तो सहा महिने आधी कोणाला ‘कळला’ असेल, तर त्याला तेव्हाचा एक प्रस्ताव कळला असे म्हणणे अधिक अचूक.

‘थोडे थांबले की किंमत उतरतेच’ या समजुतीला एकेकाळी भक्कम आधार होता. निन्टेंडो ३डीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला, खप रोडावला, आणि ऑगस्टमध्येच तो १६९.९९ डॉलरवर आणला गेला. या चुकीची जबाबदारी म्हणून अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. पण अलीकडचा कल उलटा आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २०२२ च्या अखेरीस ४९,९९० वरून ५४,९९० रुपयांवर गेला, आणि आठ वर्षे जुन्या मूळ स्विचची किंमत अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतिचिपची जी मागणी निर्माण केली आहे, तिच्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीही महागली; रुपयाची घसरण हे त्यावरचे आणखी एक ओझे.

आडगावी माल पोहोचेपर्यंत वाहतुकीचा खर्च जोडला जाऊन किंमत वाढते, ही तक्रार पाथरीत ऐकू आली तर तिला कायद्याचा आधार नाही. एमआरपी देशभर एकच असते, जीएसटीचा दर मुंबईत, परभणीत आणि कल्याण-निर्मल महामार्गावरील या गावातही तोच असतो, आणि छापील किमतीपेक्षा अधिक घेण्याचा अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही. हमीभाव ही, निदान कागदोपत्री, भावाची खालची मर्यादा. एमआरपी ही वरची. तिच्या खाली विकण्याची मुभा असल्याने जाहीर किंमत आणि प्रत्यक्ष मोजलेली रक्कम यांत फरक पडतो, आणि जाहिरातीतला आकडा बहुधा सर्वांत कमी साठवणक्षमतेच्या आवृत्तीचा असतो : स्टीम डेकच्या ३९९ डॉलरशेजारीच ५२९ आणि ६४९ डॉलरच्या आवृत्त्या होत्या. पोर्टलच्या बाबतीत तर घरी आधीच प्लेस्टेशन ५ असणे गृहीत धरलेले होते, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठी १८,९९० हा आकडा अपुरा होता.

जे यंत्र कंपनीने भारतात अधिकृतपणे आणलेलेच नाही, त्याची ‘भारतातील पदार्पणाची किंमत’ ही संज्ञाच पोकळ आहे. स्टीम डेक आणि स्विच २ दोन्ही अधिकृत विक्रीविना भारतात आले, ते अनधिकृत आयातीतून, ज्याला व्यापारी भाषेत ग्रे मार्केट म्हणतात. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असावी लागते. ती चिठ्ठी नसेल, तर विचारलेली किंमत ही कंपनीची नसून व्यापाऱ्याची असते, आणि नादुरुस्त झाल्यावर दाद मागायची ती त्याच्याकडेच. अशा बाजारात एखादा स्विच २ नेहमीपेक्षा बराच स्वस्त मिळत असेल, तर पैसे देण्याआधी तो सुरू करून भाषेची यादी उघडावी. तिथे जपानीशिवाय दुसरा पर्याय नसेल, तर ते ४९,९८० येनचे यंत्र आहे.