रुग्णनोंदींची जपणूक आणि क्लाउडची वर्गणी

‘आपली साठवण संपत आली आहे, अधिक जागेसाठी वर्गणी भरा,’ ही सूचना आता बहुतेक चिकित्सालयांतील संगणकावर वा भ्रमणध्वनीवर केव्हा ना केव्हा झळकते. काही वैद्यबंधू घाईने पैसे भरून मोकळे होतात, काही चिडून ती सूचना बंद करतात. प्रस्तुत लेखात ही वर्गणी कोणास उपयुक्त आहे आणि भरल्यावर तिच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा धरावी, याचा विचार केला आहे.

विषयात शिरण्यापूर्वी ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ या दोन संज्ञांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. सिंक म्हणजे एका यंत्रावर झालेला बदल इतर सर्व यंत्रांवर आपोआप उमटणे. चिकित्सालयात लिहिलेले रुग्णपत्रक घरी उघडता येते, ते यामुळे. बॅकअप म्हणजे विशिष्ट दिवशी जी माहिती होती, तिची अलग ठेवलेली प्रत. मूळ फाइल बिघडली वा पुसली गेली तरी ही प्रत तशीच राहते. वर्गणीच्या जाहिरातीत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात आणि तेथेच गफलत होते.

ही गफलत प्रस्तुत लेखकाकडूनही झालेली आहे. एका नव्या सहायकाने जागा मोकळी करण्याच्या सद्हेतूने जुन्या पंचकर्म रुग्णांचे संपूर्ण फोल्डर पुसून टाकले. वर्गणी चालू असल्याने मी निर्धास्त होतो. सात आठवड्यांनी आमवाताचे एक जुने रुग्ण पुन्हा आले. त्यांना पूर्वी कोणता बस्तिक्रम दिला होता, कोणत्या दिवशी उपद्रव झाला, हे पाहण्यासाठी नोंद शोधली, तर ती घरच्या संगणकावर नाही, भ्रमणध्वनीवर नाही, कोठेच नाही. सिंकने पुसण्याचे कामही चोख बजावले होते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल 30 दिवसच राहते आणि ती मुदत केव्हाच उलटली होती. एका पेन ड्राइव्हवर वर्षभरापूर्वीची प्रत सापडली, म्हणून काही नोंदी तरी हाती लागल्या. त्या रुग्णाची नोंद त्यांत नव्हती.

आता जागेचा प्रश्न. विनामूल्य साठवण गुगलकडे 15 जीबी, तर वनड्राइव्ह आणि आयक्लाउड यांच्याकडे प्रत्येकी 5 जीबी मिळते. केवळ मजकूर असलेली रुग्णपत्रके इतकी अल्प जागा घेतात की एका वैद्याची आयुष्यभराची लेखी नोंद या मर्यादेत सहज मावेल. जागा खातात ती छायाचित्रे. त्वग्रोग किंवा व्रण यांची चिकित्सापूर्व व चिकित्सोत्तर छायाचित्रे रोज दहा काढली, प्रत्येक 3 एमबीचे धरले आणि वर्षातून 300 दिवस काम केले, तर वर्षाला सुमारे 9 जीबी होतात. गुगल फोटोजमधील अमर्याद विनामूल्य साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली असून 15 जीबीच्या त्याच मर्यादेत आपला ईमेलही मोजला जातो. ज्यांचे काम छायाचित्रांवर अवलंबून आहे, त्यांना वर्गणी टाळता येणार नाही. इतरांनी आधी जुने व्हिडिओ आणि निरुपयोगी ईमेल यांचे शोधन करावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

औषधालयांची गोष्ट निराळी आहे. तेथे जागा थोडी लागते, पण मागील स्थितीकडे परत जाण्याची सोय अधिक लागते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. त्यापुढे 30 दिवसांची कचरापेटी काय पुरणार? दर महिन्याची आणि आर्थिक वर्षअखेरीची प्रत स्वतंत्र नावाने ठेवावी. हिशेबाच्या प्रणालीचे चालू फोल्डर सिंकमध्ये ठेवू नये. काम चालू असतानाच फाइल वर चढू लागली तर माहिती अर्धवट राहते, क्वचित बिघडतेही. प्रणालीतूनच बॅकअप फाइल काढावी आणि तिला पासवर्ड लावून ती क्लाउडवर ठेवावी.

खंडणीखोर विषाणू फायली कुलूपबंद करतो, तेव्हा त्या कुलूपबंद फायलीही सिंकद्वारे वर पोहोचतात. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेलाही सायबर हल्ल्यानंतर कित्येक दिवस कागदावर काम चालवावे लागले. मायक्रोसॉफ्ट 365 च्या वर्गणीदारास संपूर्ण वनड्राइव्ह मागील 30 दिवसांतील एखाद्या क्षणाच्या स्थितीत परत नेता येते. माझ्या मते पैसे मोजण्याजोगी सोय ही आहे. वाढीव जागा दुय्यम.

बाह्य हार्ड डिस्क एकदाच विकत घेतली की झाले, मग वर्गणी कशाला, असेही विचारले जाते. डिस्क अवश्य घ्यावी, किंबहुना वर्गणीच्या आधी घ्यावी. परंतु ती संगणकाशेजारच्याच कपाटात राहते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात दुकानांत पाणी शिरले, तेव्हा एकाच जागी ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे पुष्कळांस कळून चुकले. एक प्रत अन्य ठिकाणी हवीच. ती नियमाने घरी नेण्याची शिस्त ज्यांच्याकडे आहे, त्यांनी वर्गणी न भरली तरी चालेल. मला ती शिस्त जमली नाही, म्हणून मी भरतो.

वर्गणी महाग की स्वस्त, हे ठरवताना वर्षभराची खरेदी-विक्री नव्याने नोंदवण्यास किती दिवसांची मजुरी पडेल, याचा हिशेब करावा. रुग्णाचा पूर्ववृत्तान्त मात्र मजुरी देऊनही परत लिहिता येत नाही.

रुग्णांची छायाचित्रे कुटुंबाच्या सामायिक खात्यात जाऊ देऊ नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची सुरक्षितता राखण्याचे दायित्व ती बाळगणाऱ्यावर टाकले आहे. व्यवसायासाठी वेगळे खाते उघडून त्यास दुहेरी पडताळणी लावावी. हे खाते स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर असावे. अनेक ठिकाणी ते संगणक बसवून देणाऱ्या मुलाच्या नावे असते आणि तो गाव सोडून गेलेला असतो. या आठवड्यात एखादी जुनी नोंद क्लाउडवरून दुसऱ्याच संगणकावर उतरवून ती उघडते का, एवढे पाहावे.