दुसऱ्या प्रतीचा पापड नाही

पापड घेणाऱ्या ताईंची बोटं डोळ्यांआधी काम करतात. लिज्जत पापड करणाऱ्या संस्थेच्या केंद्रावर भल्या सकाळी बायका येतात, त्या काल लाटून वाळवलेले पापड घेऊन. जाताना आजचं पीठ न्यायचं असतं. ताई थप्पीच्या मधलेच चार पापड उपसतात, कडेवरून अंगठा फिरवतात, एखादा उजेडासमोर धरतात. मधे जाड राहिलेला पापड तळताना तिथेच कच्चा राहतो, कड फार पातळ झाली तर ती आधी करपते. जास्त वाळला तर पाकिटात चुरा, ओल राहिली तर बुरशी. मग वजन. नेलेल्या पिठातली ओल उडून किती पापड यायला हवेत, हे ताईंना तोंडपाठ असतं. नापसंत पापड बाजूला निघतो आणि जिने तो लाटला तीही मान डोलावते.

पीठ घरी मळायचं नाही. उडदाच्या पिठात हिंग, मिरी, पापडखार केंद्रातच पडतात, म्हणून गल्ली बदलली तरी चव बदलत नाही. लाटणं मात्र जिच्यातिच्या घरी, मुलांचं, स्वयंपाकाचं बघून. चव संस्थेच्या हाती आणि जाडी बाईच्या हाती, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

15 मार्च 1959 ला गिरगावात लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी बाज आणि स्टोव्ह विकत घेतला: बाजेवर पापड, खाली स्टोव्हची धग.

सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक स्वस्तातला. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल करमसी पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, यांनी बजावलं की प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. माझ्या मते संस्था उभी आहे ती या सल्ल्यावर. दुसरी प्रत असली की बिघडलेल्या पापडालाही गिऱ्हाईक मिळतं. मग लाटणारीचा हात सैलावतो, पाठोपाठ तपासणारीची नजरही. तो आडोसाच काढून टाकल्यावर चांगलं लाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पण नुसत्या कडक तपासणीने इतकी वर्षं निभावलं नसतं. इथे लाटणारी प्रत्येक जण 'बहीण' आणि भागीदार. नफा वाटून घ्यायचा, तोटाही. देणगी घ्यायची नाही. आज अशा बहिणी 40 हजारांहून अधिक आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. लाटणावळ किलोवर मिळते, ती 'वणाई'. तासन् तास पोळपाटावर वाकून खांदे भरून येतात, आणि त्या मानाने ही रक्कम मोठी नाही, हे सांगायलाच हवं. तरी ती बाईच्या स्वतःच्या हातात पडते, आणि घरखर्चात तिचा शब्द चालू लागतो.

जिच्या घरात पापड वाळवायला स्वच्छ, मोकळी जागा नाही, तिलाही परत पाठवत नाहीत. ती केंद्रात पीठ मळते किंवा पाकिटं भरते. केंद्राची संचालिकाही याच बहिणींतून येते. पापड बाजूला काढणाऱ्या बाईने स्वतः कित्येक वर्षं पापड लाटलेले असतात.