१९३७ च्या निवडणुकींतील संचयी मतदान व उमेदवारांची निवड

आळंदी, खेड, चाकण या भागांतील घरगुती दप्तरांत सनदा-महजरांच्या जोडीस निवडणुकीचें एखादें जुनें हस्तपत्रक निघाल्यास संग्राहकानें तें रद्दींत टाकूं नये. मात्र त्यावरील आंकडे वाचण्यापूर्वीं मतदानाची तत्कालीन रीत ठाऊक असणें अवश्य आहे.

१९३५ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्याची विधानसभा १७५ सभासदांची झाली. पैकीं १५ जागा, येरवड्यास ता. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं झालेल्या पुणें करारास अनुसरून, अस्पृश्य वर्गासाठीं राखीव होत्या. अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदारास जितक्या जागा तितकीं मतें असत, व तीं सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा असे. हीच संचयी पद्धति होय.

तीन जागांच्या संघांत १००० मतदार आहेत असें धरूं. २५१ जणांनीं तिन्ही मतें एकासच दिलीं तर त्यास ७५३ पडतात. उरलेल्या ७४९ जणांनीं आपलीं २२४७ मतें तिघांत सारखीं वांटलीं तर प्रत्येकास ७४९ च येतात. परंतु याच २५१ जणांनीं दोन उमेदवार उभे करून मतें विभागलीं, तर दोघेही पडतात. तेव्हां लहान पक्षानें थोडेच उमेदवार उभे करावे, हें ओघानेंच आलें. डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षानें अवघे १७ उमेदवार उभे केले, व त्यांतील बहुतेक निवडून आले. खुद्द डॉ. आंबेडकरांस मुंबईंत १३,२४५ मतें पडलीं. काँग्रेसचे उमेदवार, प्रसिद्ध क्रिकेटपटु पालवणकर बाळू यांस ११,२२५.

१९५१-५२ च्या लोकसभा निवडणुकींत उत्तर मुंबईचा संघ दोन जागांचा होता, पण एका उमेदवारास एकाहून अधिक मत देतां येत नसे. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनीं डॉ. आंबेडकरांचा १४,५६१ मतांनीं पराभव केला. पराभवाचीं कारणें अनेक असूं शकतील. तथापि मतें एकवटण्याचें जुनें साधन हातीं उरलें नव्हतें, हें विसरतां येत नाहीं. पुढें १९६१ च्या कायद्यानें द्विसदस्य संघच रद्द झाले. आज आळंदी ज्या खेड-आळंदी संघांत येते, तोही एकाच जागेचा आहे.

सारांश, १९३७ चे मतांचे आंकडे म्हणजे माणसांची शिरगणती नव्हे. १३,२४५ मतांमागें तितके मतदार होते असें मानणें, हें मुद्रा न पाहतां पत्राचा काल ठरविण्यासारखें होईल.