पिशवी, बटवा आणि बसकर : मुलांच्या हातचं कापडकाम



कार्यानुभवाच्या तासाला कापडकाम घ्यायचं ठरलं की बऱ्याच ठिकाणी काय होतं ते आपण सगळे जाणतो. स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत कापडाचे आयते तुकडे, टिकल्या, मणी आणि गोंद येतो. फुलं आणि फुलपाखरं चिकटवली जातात, फोटो निघतो, आणि आठवड्याभरात त्या फुलपाखराचा एक पंख वर्गाच्या कोपऱ्यात सापडतो. काही वस्तू तर रात्री जागून आईनेच केलेल्या असतात, तेही आपल्याला कळतं.

म्हणून मी वर्गात एकच नियम ठेवते. जी वस्तू करायची ती वापरायची असली पाहिजे, आणि शक्यतो वजन पेलणारी. चिकटवलेल्या फुलपाखराला किती गुण द्यायचे ते बाई ठरवतात. पिशवीचं तसं नसतं. टाके ढिले असतील तर दोन किलो बटाटे घातल्यावर बंद निसटतो, आणि काय चुकलं हे त्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. तो आपणहून उसवतो आणि परत शिवतो. खाली दिलेल्या तिन्ही वस्तू याच हिशोबाने निवडल्या आहेत. तिसरी-चौथीपासून पुढची मुलं त्या हाताने, मशीनशिवाय करू शकतात.

आधी कापड ओळखू या

नवीन कापड विकत आणू नका. जुनी चादर, पडदा, सुती साडी, बाबांचा शर्ट, उशीचा अभ्रा, यातलं काहीही चालतं. शेजारच्या शिंपीकाकांकडे कातरण मागा, ते बहुधा पोतंभर देतात. फक्त कापड आधी धुऊन वाळवून घ्या, कारण सुती कापड धुतल्यावर आटतं.

जुनी साडी घेणार असाल तर ती उजेडासमोर धरून बघा. जिथे कापड विरलेलं असेल तिथून उजेड जास्त येतो. काठाजवळ दोन्ही हातांनी जरा ताण द्या. सहज टरकलं तर ते कापड पिशवीच्या कामाचं नाही, ते बसकराच्या आतल्या थरात घालता येईल.

इथेच एक छोटा प्रयोग घ्या. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून दुकानांत कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या खूप दिसतात. मुलांना त्या कापडीच वाटतात. एक तशी पिशवी आणि एक सुती तुकडा मुलांच्या हातात द्या आणि कडेचा एक धागा ओढून काढायला सांगा. सुती कापडातून सरळ लांब धागा निघतो, कारण ते उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं. त्या पिशवीतून धागा निघतच नाही. ती विणलेली नसतेच, पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे तंतू दाबून आणि वितळवून चिकटवलेले असतात. प्लास्टिक आणि कापड यातला फरक मुलांना पाठ करून घेण्यापेक्षा हा एक धागा पुरतो.

आणि हो, धागा काढला की कापडावर जी बारीक रेघ दिसते, तिच्यावरून कात्री चालवली तर कापड अगदी सरळ कापलं जातं. पट्टी-पेन्सिलही लागत नाही.

सुई, दोरा आणि दोन टाके

मुलांना सगळ्यात जड जातं ते सुईत दोरा ओवणं. सुईच्या भोकाला नेढं म्हणतात. राजगडावरचं नेढं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा शब्द लगेच लक्षात राहतो. मोठ्या नेढ्याची सुई घ्या, दोऱ्याचं टोक तिरकं कापा, आणि दोरा हाताच्या बोटापासून कोपरापर्यंत येईल एवढाच घ्या. "बाई, परत परत ओवायला नको, लांब घेऊ का?" असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. लांब दोरा गुंततो आणि ओवण्यापेक्षा जास्त वेळ सोडवण्यात जातो. दोरा एकदा मेणबत्तीवरून ओढून घेतला तरी गुंता बराच कमी होतो.

टाक्यांची नावं पुष्कळ आहेत, पण आपल्याला दोनच पुरेत.

पहिला धावदोरा. सुई वर, खाली, वर, खाली. लवकर होतो, दोरा कमी लागतो. दुसरी उलटी टीप. यात सुई खालून वर आली की एक टाका मागे जाऊन खाली घालायची आणि दोन टाके पुढे वर काढायची. वरून बघितलं तर मशीनसारखी सलग रेघ दिसते, आणि मागच्या बाजूला दोरा दुहेरी पडतो.

दोन्हींतला फरक सांगू नका, ओढून दाखवा. एका चिंधीवर धावदोरा घाला, शेवटी गाठ मारू नका आणि दोरा ओढा. कापड गोळा होऊन चुण्या पडतात, आणखी ओढलं तर दोरा निघूनच येतो. आता उलटी टीप ओढा. ती हलत नाही, कारण प्रत्येक टाक्याने मागच्या टाक्याला धरून ठेवलेलं असतं. मधेच एखादा टाका तुटला तरी शेजारचे जागेवर राहतात. म्हणजे जिथे ताण येणार तिथे उलटी टीप. धावदोऱ्याची चुण्या पडायची खोडही वाया जात नाही, बाहुलीचा घागरा त्याच खोडीवर शिवता येतो.

पिशवी

तयार पिशवी ३८ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच हवी आहे. मग कापड किती घ्यायचं? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि मुलांना जरा वेळ द्या. बहुतेक जण आधी ३८ गुणिले ४० म्हणतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पिशवीला दोन बाजू असतात. मग शिलाईत जाणारं कापड आठवतं. दोन्ही कडांना दीड-दीड सेंमी धरले तर रुंदी ४१ सेंमी. लांबी दोन वेळा ४० म्हणजे ८०, आणि तोंडाशी दुमडायला प्रत्येकी ४ सेंमी धरून एकूण ८८ सेंमी. तळाला शिवण नाही, तिथे नुसती घडी. तळाशीच सगळं वजन येतं, तेव्हा तिथे शिवण नसलेली बरी.

बंदांसाठी ६० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या कापा. पट्टी उभी चारपदरी दुमडली की अडीच सेंमीचा जाड बंद तयार होतो. त्याच्या दोन्ही कडांनी धावदोरा घाला.

आता पिशवीच्या कडा. कापड उलट नाही, सुलट बाजू बाहेर ठेवून दुमडा आणि कडेपासून अर्धा सेंमी आत धावदोऱ्याने शिवा. मुलं इथे हमखास म्हणतात की उलटं झालं. होऊ द्या. आता पिशवी उलटी करा, कडा नखाने दाबून घ्या आणि एक सेंमी आत उलट्या टिपेने शिवा. परत सुलट केल्यावर सुटे धागे दोन शिवणींच्या मधे कायमचे बंद झालेले असतात. कडा विसविशीत होत नाही आणि आतून बघितलं तरी पिशवी स्वच्छ दिसते.

तोंडाशी आधी एक सेंमी आणि मग तीन सेंमी दुमडून शिवून घ्या. त्या दुमडीवर बंदाचं टोक ठेवा. ते टोक नुसत्या एका रेघेने शिवलं तर सगळा भार त्या एका रेघेवर येतो आणि पिशवी तिथेच फाटते. म्हणून टोकावर चौकोन शिवायचा आणि चौकोनाच्या आत फुली मारायची. तुमच्या दप्तराचा पट्टा बघा, बहुतेक दप्तरांवर हाच चौकोन-फुली दिसेल. मुलांना ते दप्तरावर शोधू द्या, मग शिवायला द्या.

पिशवी झाली की परीक्षा. एक लिटर पाण्याच्या भरलेल्या बाटलीचं वजन साधारण एक किलो. एक, दोन, तीन असं वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी बंदाकडे बघा. आमच्याकडे पाच बाटल्या पेलणाऱ्या पिशवीचं वर्गात कौतुक होतं, आणि निसटलेली पिशवी कुणी लपवत नाही, ती सगळ्यांनी मिळून उसवून बघितली जाते.

बटवा

यात फार सांगण्यासारखं नाही, एका तासात होतो. कापड १८ सेंमी रुंद आणि ४६ सेंमी लांब. दोन्ही टोकांना नाडीसाठी तीन-तीन सेंमी दुमडून नेफा शिवा. त्याआधी नेफ्याच्या जागी कडेचं कापड एक सेंमी आत टाचून घ्या, नाहीतर नाडी सुट्या धाग्यांत अडकते. मग मधोमध घडी घालून नेफ्याच्या खालपर्यंतच्या दोन्ही बाजू शिवा. ५५ सेंमीच्या दोन नाड्या सेफ्टीपिनला बांधून ओवायच्या. एक डावीकडून आत जाऊन, दोन्ही नेफ्यांतून फिरून डावीकडेच बाहेर येते, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड आवळतं. गोट्या, खडू, सागरगोटे, काहीही ठेवा. आजीला विचारलं तर ती पानसुपारीच्या चंचीची गोष्ट सांगेल, ती मात्र वहीत लिहून घ्या.

बसकर, म्हणजे छोटी गोधडी

मला यातलं सगळ्यात आवडतं काम हेच. कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्याने जोडायची, एवढंच तंत्र. बंगालमधली कांथा याच धावदोऱ्यावर उभी आहे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची ठिगळांची गोधडी शिवतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाची घडीची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

आपण ४० सेंमीचं चौरस बसकर करू. खिचडी खाताना खाली घ्यायला उपयोगी पडतं. चार थर घ्या, विरलेलं कापड आत आणि बरं कापड वर-खाली. सगळ्यात आधी मधून कोपऱ्यांकडे मोठे कच्चे टाके घाला. कडेकडून सुरुवात केली तर मधे फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. कडा आत दुमडून घ्या. आता कडेपासून एक सेंमी आत पहिला चौकोन धावदोऱ्याने, मग दोन-दोन सेंमी आत सरकत पुढचे चौकोन, अगदी मधल्या छोट्या चौकोनापर्यंत.

मुलांना विचारा, एकूण किती शिवायचं आहे? पहिल्या चौकोनाची बाजू ३८ सेंमी, मग ३४, ३०, अशी चार-चारने कमी होत शेवटचा २ सेंमीचा. दहा चौकोन. बाजूंची बेरीज २००, गुणिले चार, म्हणजे ८०० सेंमी. आठ मीटर धावदोरा! एकट्याला कंटाळा येईल, म्हणून चौघांचा गट करा आणि एकेकाला एकेक बाजू द्या. दोन-दोन मीटर प्रत्येकी. मोठ्या गोधडीभोवती बायका बसतात त्या अशाच, आणि हात चालू असताना गप्पाही चालतात. त्या चालू द्या, "शांत बसा" म्हणू नका.

पिशवीला उलटी टीप आणि इथे धावदोरा, असं का, हाही प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. बसकरावर ताण एका जागी येत नाही, दहा चौकोनांत वाटला जातो. एक रेघ सुटली तरी नऊ शिल्लक असतात. शिवाय धावदोऱ्याने कापड मऊ राहतं, दुमडून दप्तरात जातं.

मुलगे आणि सुया

काही पालक म्हणतात, "आमच्या मुलाला कशाला शिवण?" त्यांना मी एवढंच विचारते की तुमची पँट कोण शिवतं. गावोगावचे शिंपी पुरुषच असतात, आणि संत नामदेव महाराज शिंपी कुळातले, हे तर आपण परिपाठात सांगतोच. शर्टाचं बटण मुलानेच लावायला शिकावं. बटण आणि कापड यांच्यामधे आगपेटीची काडी धरून टाके घाला, शेवटी काडी काढून टाका आणि बटणाखाली दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन गाठ मारा. असं किंचित उचललेलं बटण काजात सहज बसतं आणि लवकर तुटत नाही.

सुयांची भीती मलाही वाटते, म्हणून सवय ठेवली आहे. चिंध्या भरून केलेली एक छोटी उशी प्रत्येक गटाला, त्यात मोजून पाच सुया. जागेवरून उठायचं असेल तर सुई आधी उशीत. तासाच्या शेवटी गटनायक सुया मोजून दाखवतो. एखादी कमी भरली तर कुणी हलायचं नाही. विज्ञानाच्या पेटीतलं चुंबक दोऱ्याला बांधून जमिनीवरून फिरवायचं. ते काम सगळ्यांनाच हवं असतं, तेव्हा पाळी लावावी लागते.

पिशवीला पस्तीस मिनिटांचे पाच-सहा तास धरा, बसकराला त्याहून जास्त. वर्षाच्या नियोजनात आधीच टाकून ठेवलंत तर स्नेहसंमेलनाच्या गडबडीत ते राहून जाणार नाही.