शून्याला किंमत नाही म्हणता?

पायथनमध्ये सॉकेट लिहिणाऱ्यांनो, एक गंमत करून बघा. लिनक्सवर सॉकेट मॉड्यूलमधल्या 'इनेट_एटॉन' फंक्शनला नुसतं "१२७.१" द्या. चार आकडे नाहीत म्हणून ते कुरकुरेल असं वाटतं ना? छे! निमूटपणे १२७.०.०.१ चे चार बाइट हातात ठेवतं. "२१३०७०६४३३" दिलंत तरी तेच, कारण आयपीव्ही४ पत्ता म्हणजे शेवटी ३२ बिटांची एकच संख्या. मधली टिंबं आपल्या सोयीसाठी.

इथवर मजाच आहे. खरी मेख पुढच्या शून्यात. जुन्या सी परंपरेत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणून "०१२.०.०.१" म्हणजे १०.०.०.१, खासगी नेटवर्कमधला पत्ता. पायथनच्या 'आयपीअॅड्रेस' मॉड्यूलच्या काही आवृत्त्या मात्र ते शून्य गाळून १२.०.०.१ वाचत. म्हणजे पत्ता खासगी तर नाही ना हे तपासणारा प्रोग्रॅम म्हणतो "बाहेरचा आहे, जाऊ द्या", आणि जोडणी होते थेट घरातल्या सर्व्हरशी! २०२१ मध्ये ही त्रुटी सुरक्षेचा प्रश्न म्हणून नोंदली गेली आणि ३.९.५ पासून असे पत्ते सरळ नाकारले जातात. उशिरा का होईना, योग्य केलं.

म्हणून माझी पद्धत अशी: जोडणीसाठी होस्टचं नाव आलं की 'गेटअॅड्रइन्फो'ला विचारायचं, त्यातून आलेला पत्ता तपासायचा आणि जोडणीही त्याच पत्त्याशी करायची. मूळ मजकुराकडे पुन्हा वळायचं नाही. हो, आयपीव्ही६ असेल तर पत्त्याच्या टपलमध्ये दोनऐवजी चार घटक येतात. "होस्ट, पोर्ट" असं दोघांतच उलगडायला गेलात की प्रोग्रॅम आपटलाच.